हुडाचं कापड

गेल्या पौषात नातसुनेबरोबर कराडला गेले होते. स्टँडवरून बाहेर पडून कोयनेच्या पुलाकडच्या रस्त्याला लागलो, तर एका दुकानाबाहेर निळ्या, खाकी, राखाडी पँटी ओळीनं टांगलेल्या. गॅरेजात, कारखान्यात काम करणाऱ्यांसाठीच्या. गुडघ्यावर दुहेरी कापड, खिशांच्या कोपऱ्यांना धातूच्या टिकल्या. नातसुनेचा भाऊ नुकताच गाड्यांच्या कामाला लागलाय, त्याच्यासाठी तिला एक घ्यायची होती. दुकानदारानं एक पँट काढली, तिचे दोन पाय दोन हातांत धरून जोरानं ओढून दाखवली आणि म्हणाला, आजी, ही काही केल्या फाटायची नाही. मी कापड चिमटीत धरून पाहिलं. जुनी सवय. मग नातसुनेला म्हटलं, तू बघ, मी जरा बाहेर उभी राहते.

उभी राहिले तिथंच, थोडं इकडं नाहीतर थोडं तिकडं, साठ वर्षांपूर्वी गॅरेज होतं. आता मोबाइलची दुकानं आहेत आणि एक मंगल कार्यालय. ओळखीची खूण म्हणून काही राहिलेलं नाही. मला आधी आठवली ती तिथली जमीन. काळी, तेल पिऊन पिऊन चामड्यासारखी झालेली. तिच्यावर गवताची काडी उगवत नसे. पाणी सांडलं की वर मोरपिसाचे रंग पसरत, आणि मी, नवी नवरी, हातात डबा धरून ते रंग बघत राही. पेट्रोलचा वास, ग्रीसचा वास, कुशनवाल्याच्या कोपऱ्यातून येणारा काथ्याचा आणि रेक्झिनचा वास. तेव्हा कोयनेच्या धरणाचं काम अजून चालू होतं. पाटणच्या बाजूनं ट्रक येत, सिमेंटनं पांढरेफटक पडलेले, आणि दमलेल्या जनावरांसारखे एकामागं एक उभे राहत.

माझे यजमान त्या गॅरेजात मिस्त्री होते. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, म्हणून मीही चारचौघांसारखी त्यांना मिस्त्रीच म्हणू लागले, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. माझं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. त्यांचं गाव कडेगावाकडचं. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि घरी येऊन पहिली गोष्ट काय केली तर गावातल्या वाड्या-वस्त्यांवरून मिळालेली, लोकांच्या अंगावरची उतरलेली कापडं एका गाठोड्यात बांधली आणि ओढ्याच्या काठाला नेऊन जाळली. मिस्त्री तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. ते सांगायचे, जाळलेल्यात त्यांच्या अंगातला सदराही होता, आणि घरी येईपर्यंत ते उघडेच चालत आले, पण थंडी अशी वाजली नाही.

लग्न झाल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी मला एवढं एकच बजावून सांगितलं. म्हणाले, "आपल्या घरात कुनाचं उतरलेलं कापड येनार न्हाई. ठिगळाचं चालंल, पन ते आपलं पायजे."

गॅरेजातली रीत मात्र उलटी होती. तेलाग्रीसात बुडायच्या कामाला कोण चांगलं कापड घालतो? मालकाच्या मुलांच्या जुन्या पँटी दिवाळीला गाठोडं बांधून येत आणि सगळे त्यातली आपापल्या मापाची उचलत. मिस्त्री उचलत नसत. ते बाजारातलं खाकी ड्रिलचं जाड कापड घेऊन नवी शिवत, आणि ती नवी पँट बघता बघता संपे. बॅटरीतलं तेजाब उडालं की कापडाला बारीक बारीक भोकं पडत, धुतली की त्यांची जाळी होई. गुडघे जमिनीवर घासून पातळ होत. मागचा भाग पत्र्याच्या कोपऱ्याला अडकून फाटे. मी ठिगळ लावी, ठिगळावर ठिगळ लावी. मिस्त्री सकाळी निघताना उंबऱ्यात थांबून एकदा खाली गुडघ्यांकडं बघत. त्या बघण्यानं मला कसंसंच होई.

म्हणून मी कापड शोधू लागले. त्या उन्हाळ्यात बाजारपेठेतलं एकही दुकान मी सोडलं नाही. कापड उजेडात धरून बघायचं, वीण किती घट्ट आहे ते. ओल्या बोटानं घासायचं, खळ निघते का ते. कोपऱ्यातला एक धागा दातानं ओढून तोडायचा. ड्रिल बघितलं, जीन बघितलं, गादीपाटसुद्धा बघितला. दुकानदार वैतागत. एकानं विचारलं, बाई, कापड घालायला पाहिजे का बांधायला?

आणि एके दिवशी डबा घेऊन गेले तेव्हा कासीमचाचांचं काम बघितलं. गॅरेजच्या कोपऱ्यात बसून ते गाड्यांच्या गाद्या शिवत, जीपचे हूड शिवत. पन्नाशीचे, डोक्यावर विणलेली टोपी, दातांत कायम दोऱ्याचं टोक. त्यांच्यापुढं हिरवट कॅनव्हासचा तागा पसरला होता. ऊन, वारा, पाऊस सोसायला केलेलं जाड कापड. मी त्याला हात लावला तशी त्यांनी वीतभर पट्टी कापून माझ्या हातात दिली. म्हणाले, फाडून दाव. मी दोन्ही हातांनी ओढली, दातांनी ओढली. फाटली नाही. मी विचारलं, ह्याची पँट होईल का. ते हसले. हे घातल्यावर माणूस बसायचा कसा, त्याला उकडणार, मांड्या सोलून निघणार, असं बरंच त्यांनी समजावलं. मिस्त्रींनाही पसंत नव्हतं. जड आहे म्हणाले, चालताना आवाज करतंय म्हणाले. पण मी धरूनच बसले. दोन-तीन वर्षं तरी बघायला नको, असं काहीतरी मी बोलले असेन. शेवटी ते म्हणाले, बरं, तुझ्या मनासारखं होऊ दे.

सांगलीहून नवा कोरा तागा आला, त्यातलंच कापड घेतलं. कासीमचाचांनी मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी शिलाई मारली. शिवताना दोन सुया मोडल्या.

एवढं सांगते पण त्या एका वर्षाचं सुख माझ्याच्यानं सांगून व्हायचं नाही. पँट नवी होती तेव्हा भिंतीला टेकवून ठेवली तर माणसासारखी उभी राही. मिस्त्री गल्लीत वळले की मला आतूनच कळे. खर्र, खर्र असा आवाज येई, कुणीतरी पोतं ओढत यावं तसा. रविवारी मी ती धुवायला संगमावर नेई. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भेटतात, आणि थंडीच्या दिवसांत सकाळचं पाणी वाफाळत असतं. आधी रॉकेलचा बोळा फिरवायचा, मग धुण्याचा सोडा, मग दगडावर आपटायची. भिजली की ती एवढी जड होई की पिळायला शेजारची बाई लागे. आम्ही दोघी दोन टोकं धरून पीळ भरत असू आणि ती विचारी, "तुमान हाय का तंबू गं?" सगळ्या बायका हसत. मीही हसे. उन्हात वाळून ती पुन्हा लाकडासारखी कडक होई, आणि कितीही धुतली तरी तिच्या शिवणींत ग्रीसचा वास राहीच. गॅरेजात मिस्त्रींचं नाव झालं होतं. माणसं येऊन कापड चाचपून बघत. सकाळी निघताना आता ते उंबऱ्यात थांबत नव्हते.

उसाच्या तोडीचे दिवस होते. रस्त्यानं बैलगाड्या चाललेल्या, घुंगरांचा आवाज, लांबच्या गुऱ्हाळाचा गोड धूर. मी दारात ज्वारी निवडत बसले होते. कासीमचाचा आले ते अनवाणी, डोक्याला टोपी नाही. हातात कातडं कापायची रापी होती, ती ठेवायचंसुद्धा त्यांना भान राहिलं नव्हतं. म्हणाले, "चल बेटी." आणि मागं न बघता चालू लागले.

काय झालं ते मला नंतर प्रत्येकानं थोडं थोडं सांगितलं. ट्रकची मागची चाकं जॅकवर उचलली होती. चालताना कसला तरी आवाज येत होता, तो ऐकायला मिस्त्री खाली शिरले आणि ड्रायव्हरनं वर बसून गाडी गिअरमध्ये टाकली. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा लोखंडी शाफ्ट त्यांच्या बाजूलाच गरगरत होता. त्याच्या सांध्यात पँटची घोट्याजवळची मोहरी अडकली.

गॅरेजात आधी दोनदा असं झालं होतं. मालकाच्या पोरांच्या उतरलेल्या, विरलेल्या पँटी होत्या त्या. गुडघ्यापासून टर्रकन फाटून गेल्या. चिंधी शाफ्टला गुंडाळून फिरत राहिली आणि माणूस शिव्या देत बाहेर आला. दिवसभर सगळे त्याला हसले.

हुडाचं कापड फाटलं नाही. ते शाफ्टला गुंडाळत गेलं आणि पाय त्याच्याबरोबर गेला. ड्रायव्हरनं गाडी बंद केली तरी पीळ सुटेना. शेवटी कासीमचाचा रापी घेऊन खाली शिरले. पहिल्यांदा रापी सरकली, दुसऱ्यांदा कापड कापलं गेलं. त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेली दुहेरी शिवण होती.

मी पोचले तेव्हा मिस्त्रींना त्या काळ्या जमिनीवर उताणं निजवलं होतं. डोळे उघडे होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "डबा तसाच हाय. कुनाला तरी दे."

त्यांना एका जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. गुडघ्याच्या वरून पाय काढला. दवाखान्यातलं माझ्या लक्षात फारसं नाही. औषधाचा वास, फरशीवरून ओढत नेलेल्या खाटेचा आवाज, आणि खिडकीतून दिसणारं एक निष्पर्ण झाड. चौथ्या दिवशी नर्सबाईंनी त्यांच्या कपड्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. त्याचं काय करायचं मला कळेना. म्हणून मी मागच्या नळावर गेले आणि पँट धुवायला घेतली. पाणी स्वच्छ येईपर्यंत धूतच राहिले. पिळायला दुसरी बाई नव्हती. दोरीवर टाकली आणि इंच इंच तपासली. एक पाय रापीनं कापलेला, सरळ रेषेत. बाकी कुठं काही नाही. एक टाका उसवला नव्हता, एक धागा निघाला नव्हता. कुठंतरी थोडी तरी फाटली असेल म्हणून मी शोधत होते.

पुढं ती पँट टाकून द्यावी असं मला फार वाटे. मिस्त्रींनी टाकू दिली नाही. म्हणाले, "एक पाय तर चांगला हाय की." कापलेला पाय दुमडून वर टाचून घेतला आणि ते तीच घालू लागले. सहा-सात वर्षं घातली. झिजेना, विरेना. दर रविवारी मी ती धूत होते.

एका पायाच्या मिस्त्रीला गॅरेजात काम नव्हतं. आम्ही कराड सोडलं. सांगलीत ओळखीच्या एका दुकानात बसून कार्बोरेटर खोलायचं, साफ करायचं काम त्यांना मिळालं. एक खोली घेतली. कराडहून येताना मी संगमावर जाऊन येईन म्हटलं होतं, पण गेले नाही.

सांगलीला येऊन दोन-तीन महिने झाले असतील, कासीमचाचा एका ट्रकमधून उतरले. बरोबर त्यांचं शिलाईचं मशीन, पोत्यात बांधलेलं. मिस्त्रींच्या शेजारी ते बराच वेळ बसले. दोघांनी धरणाच्या गोष्टी काढल्या, पाण्यापावसाच्या काढल्या, पायाचं कुणी बोललं नाही. मग मला म्हणाले, "ह्यावर मला आता बसवत न्हाई. तू ठेवून घे." आठ दिवस राहून त्यांनी मला शिकवलं. पायडल कसं मारायचं, जाड कापड सुईखाली कसं सरकवायचं, दोरा किती ताणायचा. नवव्या दिवशी ते बेळगावला भावाकडं गेले. पुन्हा आम्हाला भेटले नाहीत.

मला दुसरं काय शिवता येणार होतं? मी गॅरेजातल्या माणसांच्या पँटी शिवू लागले. सांगलीहून मिरजेला जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा बरीच गॅरेजं होती, आणि मिस्त्रींच्या ओळखीनं माणसं येत. सगळ्यांचं मागणं एकच; टिकली पाहिजे, फाटता कामा नये. मीही मांडीला जाड कापड घेई, बसायच्या जागी दुहेरी शिलाई मारी, गुडघ्यावर ठिगळ आधीच लावून देई. पण गुडघ्याखालचा पाय मी वेगळा कापत असे आणि तो वरच्या भागाला साध्या, बारीक, एकेरी दोऱ्यानं जोडत असे. ही शिवण गुडघ्याच्या ठिगळाच्या मोकळ्या ठेवलेल्या खालच्या कडेखाली झाकली जाई. हातानं जोरात हिसका दिला तर निघून येईल एवढीच ती पक्की होती. मी प्रत्येक पँटला आधी स्वतः एकदा हिसका देऊन बघी. पाय निघून आला की तो पुन्हा तसाच जोडत असे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मिस्त्रींना तर नाहीच. सांगायचं तर त्याच्या आधीचं सगळं बोलावं लागलं असतं.

बोभाटा व्हायचा तो झालाच. कुणाची शिवण उकिडवं बसताना सुटली, कुणाची धुताना. मी पुन्हा शिवून देत होते, पण माणसं नाराज होत. काहीजण माझ्याकडून पँट शिवून घेऊन दुसऱ्या शिंप्याकडं नेत आणि गुडघ्याशी पक्की शिलाई मारून घेत. ते कळलं की माझी नजर त्या माणसाच्या पायांकडं जाई. मिस्त्रींच्या कानावर तक्रारी जात. ज्याच्या हाताखालून गेलेली गाडी कधी परत येत नसे, त्याच्या बायकोची शिलाई कच्ची, हे त्यांना लागे. एकदा जेवताना त्यांनी एवढंच म्हटलं की काम करायचं तर नीट करावं. मी भाकरी वाढली.

कराडच्या त्या दुकानाबाहेर उभी होते तेव्हा नातसून मला विचारायला आली होती, आजी, घेऊ ना ही? मी काय सांगणार होते? आता गाड्या वेगळ्या, कामं वेगळी. मी म्हटलं, मोहरी जरा अरुंद करून घ्यायला सांग त्याला. ती बरं म्हणून आत गेली. मला मात्र तिथं उभ्या उभ्या गणपाच दिसत होता.

गणपा मिरज रस्त्यावरच्या एका गॅरेजात होता. कवठ्याकडचा उंच, काळाभोर गडी, तोंडानं फटकळ. सांगलीतलं आमचं दुसरं वर्ष असेल. सुटीचा दिवस होता, मिस्त्री दारात बसून विडी ओढत होते आणि मी मशीनवर. गणपा तरातरा आला. एका पायात पूर्ण पँट आणि दुसरा पाय गुडघ्याखाली उघडा. हातातली काळी, पिळवटलेली चिंधी त्यानं माझ्या मशीनवर टाकली.

"वैनी, ही काय शिलाई म्हनायची? चालत्या शाफ्टला नुसती लागली आन् आक्खा पाय निखळून गेला. समद्या गॅरेजापुढं उघडा पडलो मी."

मिस्त्रींनी विडी खाली ठेवली आणि त्याला म्हणाले, "हिकडं ये. पाय दाव."

गणपा गोंधळला, पण त्यानं पाय पुढं केला. मिस्त्रींनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सावकाश हात फिरवला. एक ओरखडा होता, दुसरं काही नाही. गणपाची नजर तेव्हा कुठं मिस्त्रींच्या टाचून घेतलेल्या पँटकडं गेली.

मिस्त्रींनी ती चिंधी मागून घेतली. तिच्या वरच्या काठावर शिवणीचा दोरा लोंबत होता, तो बोटांत धरून ओढला. टचकन तुटला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "ह्यो दोरा तू मुद्दाम लावतीस?"

मी हो म्हणून मान हलवली.

"कवापासनं?"

"पयल्यापासनं."

ते त्या दोऱ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "तवा सुचलं न्हाई."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"न्हाई सुचलं," मी म्हणाले.

त्यांनी चिंधीची घडी घातली, ती आपल्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "गणपाला दुसरी शिवून दे. दोरा ह्योच लाव."

एरवी गिऱ्हाइकाचं माप मिस्त्री घेत आणि मी लांबून लिहून घेई. परक्या पुरुषाला हात कसा लावायचा? त्या दिवशी मीच टेप घेतली. गणपाची मापं माझ्या वहीत होती, तरी घेतली. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, मग खाली बसून गुडघ्यापासून टाचेपर्यंत. टेप टाचेला टेकवताना माझी बोटं त्याच्या पायाला लागली. पाय गरम होता. मी तशीच बसून राहिले, आणि त्या दोघांतलं कुणी मला ऊठ म्हणालं नाही.